एका जागी बसलेला मी

दि. ३ फेब्रुवारी

ताई,

उभ्याउभ्याच नमस्कार. खुर्ची आहे, पण तिच्यात बसलो की पाठीला मुंग्या येतात.

तुझी अट पाळतोय. फोनवर मी दोन वाक्यं बोलून "बरं, ठेवतो" म्हणतो, म्हणून पत्रच लिहायचं, म्हणजे निदान पान भरेपर्यंत तरी बूड टेकेल, असं तू म्हणाली होतीस. तसं काही होत नाहीये. वरच्या चार ओळी खोलीवर लिहिल्या. आता कोल्ड स्टोरेजच्या कट्ट्यावर, खोक्यावर कागद ठेवून लिहितोय, म्हणून निळ्याची काळी शाई झाली. पेन पैलवानाचं. पैलवान म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. जोराचा वारा सुटला की त्याला दोघांनी धरावं लागतं, म्हणून पैलवान.

काम चांगलं आहे. ट्रक लागतात, लसी, इन्सुलिन, असली औषधं उतरतात, आणि कुठलं खोकं कुठल्या थंड खोलीत गेलं ते मी कॉम्प्युटरवर चढवतो. चूक झाली तर औषध उन्हात राहतं, म्हणून लक्ष देतो. फक्त बसून लक्ष द्यावं लागतं, तिथे घोडं अडतं. हातात स्कॅनर घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायचंही एक काम असतं. ते मला द्या म्हणून मुकादमाच्या मागे लागलोय. तो म्हणतो, आधी वर्षभर एका जागी बसून दाखव, मग बघू.

तू शब्द टाकलास म्हणून ही नोकरी लागली, हे विसरलेलो नाही. आधीच्या नोकऱ्यांत मधे कोणाचा शब्द नव्हता, म्हणून सोडायला सोप्या गेल्या. ही सोडवत नाही.

आई शेजारणींना सांगते, तू कॉम्प्युटरची राखण करतेस. म्हणजे नेमकं काय ग? शिट्टी देतात का?

(आता पुन्हा निळी. पैलवानाने पेन मागून घेतलं.)

तुझा,
भिंगरी


दि. ११ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद, आणि सोबत एक खुर्ची. बस.

मावशी सांगते ते बरोबर आहे, राखणच करते. शिट्टी देत नाहीत. आम्ही बऱ्याच कंपन्यांवर लक्ष ठेवतो, त्यात तुमचं कोल्ड स्टोरेजही आहे. म्हणून तर तुमच्या मॅनेजरांशी ओळख, आणि म्हणून तुझ्यासाठी शब्द टाकता आला. तिथे माझा मावसभाऊ आहे हे आमच्या बाईंना मी तेव्हाच सांगून ठेवलं. बाई म्हणजे आमच्या वॉचरूमच्या प्रमुख.

पूर्वी आमच्याकडे ईमेल पाहणारा वेगळा, कॉम्प्युटर पाहणारा वेगळा, कोण कुठून लॉगिन झालं ते पाहणारा वेगळा. प्रत्येकाच्या पडद्यावर दिवसभर बारीकसारीक घंटा वाजायच्या. ईमेलवाला म्हणायचा, एक भुरटं पत्र आलंय, येतच असतात. लॉगिनवाला म्हणायचा, कोणी गावाला गेलं असेल, तिथून उघडलं असेल. कोणीच खोटं बोलत नव्हतं, आणि चोर सगळ्यांच्या मधून आरामात जायचा. आता ही सुटी टोकं एकत्र बांधणारी यंत्रणा आहे. एक्सडीआर म्हणतात तिला. पूर्ण नाव सांगितलं तर तू उठून जाशील. चार ठिकाणच्या चार घंटा ती जोडून पाहते आणि म्हणते, ही कामं एकाच हाताची दिसतात बरं का. मग आम्ही बटण दाबलं की त्या माणसाचं लॉगिन गोठतं, आणि ते जिथे जिथे दिसेल ते मशीन बाकीच्यांपासून तुटतं. आधी तोडायचं, मग चौकशी करायची. कधी भल्या माणसालाही कुलूप लागतं, तेव्हा आम्ही शिव्या खातो.

आणि ती माणसांच्या सवयी शिकते. कोणाची काय ते मी सांगणार नाही. पण जेवणानंतर कोणाकोणाचा माउस अर्धा तास हलत नाही, ते आम्हाला ठाऊक असतं.

मुकादमाचं ऐक. वर्ष जाईल.

तुझी,
ताई


दि. १९ फेब्रुवारी

ताई,

आनंदाची बातमी आहे, म्हणून बसून लिहितोय. आज सकाळी ऑफिसच्या मेलवर पत्र आलं: तुमची पाळी आणि कामाची जागा बदलली आहे, पाहण्यासाठी इथे दाबा. मी दाबलं. नाव आणि पासवर्ड मागितला, दिला. पुढे कोरं पान. पैलवान म्हणाला, तुझ्या नशिबात फिरणं आहे, फक्त अजून छापून आलेलं नाही. मुकादमाला उद्या विचारतो

इथपर्यंत परवा लिहिलं होतं. आता पेन्सिल आहे, कारण पेन कुठे ठेवलं ते आठवत नाही.

ताई, माझ्यामुळे सगळा कट्टा बंद पडला.

आज सकाळी ट्रक लागले होते, मी माल चढवत होतो. मधेच पडद्यावर पाटी आली, हे मशीन नेटवर्कपासून वेगळं केलं आहे, कृपया थांबा. मला 'कृपया' कळतं, 'थांबा' कळत नाही. आमच्याकडे एक मशीन अडलं की शेजारच्यावर जायची पद्धत आहे. म्हणून पैलवानाला उठवलं आणि त्याच्या मशीनवर माझं नाव घातलं. उघडेना. पुन्हा घातलं. त्यावरही तीच पाटी. मग पलीकडच्या टेबलावर गेलो, तिथेही पाटी. मग वजनकाट्याच्या मशीनवर. औषधं खोळंबू नयेत म्हणून आपण केवढे धडपडतोय, असंच मला वाटत होतं. मागे वळलो तर आख्खा कट्टा थंड, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. मुकादम आला आणि हळू आवाजात म्हणाला, तू ज्याला हात लावतोस ते मरतंय.

आम्ही खोकी हातानेच आत नेली, कागदावर लिहून. औषधं वाचली. मग मॅनेजरांनी बोलावलं. माझ्या नावाने कोणीतरी आत शिरलंय आणि थंड खोल्यांचं तापमान जिथून ठरतं ती पानं उघडून बसलंय, म्हणाले. तू आहेस का? मी नाही म्हटलं. मग तुझ्या नावाने कोण? ते पाळीचं पत्र, मी ते दाबलं, पासवर्ड दिला, सगळं सांगितलं. मुकादम म्हणाला, असं सगळेच म्हणतात. चौकशी होईपर्यंत मला घरी बसायला सांगितलंय.

कुलूप तुमच्याकडूनच लागलं ना? मग सांग ना त्यांना. आजवर मी सगळीकडून स्वतःच्या पायांनी गेलो. कंटाळलो आणि गेलो. पण चोर म्हणून कुठून गेलेलो नाही, आणि तुझा शब्द असलेल्या जागेवरून तर मला तसं जायचंच नाही.

आईला सांगितलेलं नाही. तू फोन उचलत नाहीयेस.

भिंगरी


दि. २८ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. मी ते उघडलेलं नाही आणि काही दिवस उघडणार नाही. फोनही घेणार नाही.

तुला जे विचारतील त्याची खरी उत्तरं दे. मला काही विचारू नकोस. कोणापाशी माझं नाव घेऊ नकोस.

नोकरी सोडून जाऊ नकोस.

ताई


दि. ६ मार्च

ताई,

न उघडलेल्या पत्राला उत्तर पाठवणारी तूच पहिली. हेही तू उघडणार नाहीस, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

लहानपणी घरात काही फुटलं की सगळे आधी माझं नाव घ्यायचे. त्यांचं काही चुकत नव्हतं, दहातल्या आठ वेळा मीच असायचो. पण तू तुमच्या घरून आलेली असलीस की आधी विचारायचीस, "हा तेव्हा घरात होता का?" मोठ्या माणसांच्या ते कधी ध्यानातच यायचं नाही. एकदा मी तेव्हा विहिरीवर पोहत होतो, तरी काचेच्या बरणीसाठी मार खाणार होतो. तू विचारलंस म्हणून वाचलो. बरणी मांजराने पाडली होती. सातवीत शाळा सुटली, तिथलं काही आठवत नाही, हे मात्र आठवतं.

या वेळी तू विचारलंही नाहीस.

मी खोलीवर असतो. पलंग, मोरी, खिडकी, आणि खिडकीतून टायरचं दुकान. दुकानदाराला मी इतक्या वेळा खिडकीत दिसतो की काल त्याने विचारलं, तुमचं काही टायर राहिलंय का माझ्याकडे? घरातल्या घरात किती चालणार. भिंतीवर चालता आलं असतं तर तेही करून झालं असतं. चौकशीला एक चष्मेवाला आवाज फोनवर आला होता. चष्मा दिसला नाही, पण आवाजाला होता. त्याने सारखं एकच विचारलं, त्या वेळी तुम्ही काय करत होतात? म्हटलं, इकडेतिकडे. हसला नाही.

आईला सांगितलं, सुट्टी मिळालीय. ती म्हणाली, तुला आणि सुट्टी? सोडलीस ना हीसुद्धा? मी तिला तसंच समजू दिलं. चोर समजल्यापेक्षा पळपुटा समजलेलं बरं.

पैलवानाच्या मेहुण्याकडे ट्रकवर जागा आहे, लांबच्या फेऱ्यांची. बॅग भरलीय. दाराशी ठेवली होती तर तिला अडखळत होतो, म्हणून पलंगाखाली सारली. तुझ्या पत्रात सगळं कोणाही परक्याला लिहावं तसं होतं. फक्त शेवटची ओळ माझी होती. तेवढ्यासाठी थांबलोय. किती थांबू, ते लिहिलं नाहीस.

भिंगरी


दि. १४ मार्च

भिंगरी,

कुलूप मी लावलं.

आज चौकशी संपली. बाईंनी ड्रॉवरमधून तुझी दोन्ही पत्रं काढून दिली, चिकटवलेली, जशीच्या तशी. दोन्ही वाचली आणि तोंड धुऊन आले. आता सगळं सांगते. बॅग उघड, कपडे काढून ठेव आणि मग वाच.

त्या सकाळी टेबलावर मीच होते. यंत्रणेने चार टोकं बांधून माझ्यापुढे ठेवली आणि वर तुझं नाव. पहिलं टोक ते पाळीचं पत्र. ते तुमच्याकडे बऱ्याच जणांना आलं होतं, दाबलं फक्त तू, कारण जागा बदलायची घाई फक्त तुलाच होती. दुसरं, तुझं लॉगिन बाहेरच्या भलत्याच ठिकाणाहून उघडलेलं. तिसरं, थंड खोल्यांची पानं. एवढंच पाहिलं तर तूच दिसत होतास. लॉगिन तुझं, पासवर्ड तुझा.

चौथं टोक असं होतं की ते लॉगिन बसून होतं. एकेक पान सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होतं. मधे उठलं नाही, चुकून दुसरीकडे गेलं नाही, काही अर्धवट सोडलं नाही. यंत्रणेने त्याच्यापुढे लाल खूण करून लिहिलं होतं: नेहमीच्या सवयीशी जुळत नाही.

मी बटण दाबलं. मग उठून बाईंकडे गेले आणि म्हटलं, हा तोच माझा मावसभाऊ. बाईंनी विचारलं, "तुला काय वाटतं, तोच आहे?"

मी म्हटलं, "बाई, तो असता तर एव्हाना तीनदा पाणी प्यायला उठला असता."

बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हे तू सांगून चालणार नाही. तू बाजूला हो. जे काही सांगायचं ते आता बहिणीने नाही, पुराव्याने सांगायचं."

म्हणून पत्रं उघडली नाहीत, फोन घेतला नाही. आमचा नियमच आहे. आपल्या माणसाचं प्रकरण असलं की त्याला हात लावायचा नाही, त्याच्याशी बोलायचंही नाही. मी एक ओळ गोड लिहिली असती तर उद्या कोणीही म्हटलं असतं, बहिणीने भावाला वाचवलं, आणि तो डाग तुझ्यावर कायमचा राहिला असता. तुला पाठवलेलं ते चार ओळींचं पत्रही बाईंनी आधी वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही कशाला?" मी म्हटलं, "तेवढी राहू द्या." त्यांनी राहू दिली.

प्रकरण गेलं चष्मेवाल्याकडे. चष्मा आहेच, जाड. त्याला तुझ्याबद्दल माया नाही, माझ्याबद्दलही नाही, त्याला फक्त दुपारची झोप प्रिय आहे. त्याने तू कामाला लागल्यापासूनच्या नोंदी काढल्या. लॉगिन करतोस, उठतोस, मशीन वाट बघून आपोआप मिटतं, परत येतोस, पुन्हा लॉगिन करतोस, दिवसभर तेच. तो दुसरा बाहेरून शांतपणे वाचत होता, तेव्हाही कट्ट्यावरचं तुझं मशीन असंच उघडमीट करत होतं. चष्मेवाल्याने अहवालात लिहिलंय, "संबंधित कर्मचाऱ्यामध्ये स्थिर बसण्याची क्षमता आढळून आली नाही." बाईंनी ते वाक्य तसंच ठेवायला सांगितलं. तुमच्या मॅनेजरांपर्यंत गेलंय.

चार मशीनं बंद पाडलीस त्याचंही ऐक. दिवसभर शिव्या आम्हीच खाल्ल्या, पण त्याने तुझी बाजू भक्कम झाली. कुलूप लागल्याबरोबर तो बाहेरचा पसार झाला. तू मात्र तेच नाव घेऊन दारं वाजवत हिंडत होतास. चोराला एवढा वेळ नसतो.

तो कोण, ते अजून कळलेलं नाही. खोल्यांचा थंडावा आपल्या मुठीत घ्यायचा आणि मग खंडणी मागायची, असा बेत होता. खोल्या एका अंशानेही तापल्या नाहीत.

आणि भिंगरी, "हा तेव्हा घरात होता का?" हे मी या वेळीही विचारलं. तुला विचारता येत नव्हतं, म्हणून यंत्रणेला विचारलं.

तुझी,
ताई


दि. २२ मार्च

ताई,

नमस्कार, खुर्चीतून.

तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी मुकादम खोलीवर आला. दारात उभा राहून सगळीकडे बघत होता, बसायला जागा शोधत असावा. पलंगाच्या कडेला टेकला, तर पाय बॅगेला लागला. त्याने बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "उद्यापासून ये." मग टायरच्या दुकानाबद्दल काहीतरी विचारलं. जाताना उंबऱ्यात थांबला आणि म्हणाला, "स्कॅनर घे. वर्षभर बसून दाखव म्हणालो होतो, ते राहू दे. आता तू बसलास की मलाच भीती वाटेल."

मला काही कळेना, हा असं का बोलतोय. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं, तेव्हा कळलं. तू सांगितल्याप्रमाणे आधी बॅग उघडली, कपडे दोरीवर टाकले, मग वाचलं. "कुलूप मी लावलं" एवढं वाचून एकदा खाली जाऊन आलो. मग पुढचं वाचलं.

आता हातात स्कॅनर आहे आणि दिवसभर खोल्याखोल्यांतून फिरतो. थंडीत नाक लाल होतं. पैलवान म्हणतो, आता तरी माणसात दिसतोस. अहवालातलं ते वाक्य मॅनेजरांनी सगळ्यांपुढे वाचून दाखवलं, तेव्हा सर्वांत जास्त मीच हसलो. माझ्याबद्दल कुठे छापून आलेलं हे पहिलंच वाक्य, आणि खरं आहे. आईला फोन करून सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, ते वाक्य पुन्हा सांग, आणि हसली. आता शेजारणींना सांगते, माझा मुलगा बसत नाही म्हणून वाचला.

आता कोणाला विचित्र मेल आला की तो हात वर करतो, आणि कोणी दाबायच्या आत मी तुमच्या वॉचरूमला फोन लावतो. परवा चष्मेवाल्याने उचलला. त्याचे आभार मानले, मनापासून मानले. तो म्हणाला, आभार नकोत, पाटीवर 'थांबा' लिहिलं असेल तर थांबत जा. म्हटलं, प्रयत्न करतो. या वेळी हसला.

ताई, कुलूप लावणाऱ्याचे कोणी आभार मानतं का, ठाऊक नाही. मी मानतो. मास्तर, आई, मुकादम, जो तो मला आयुष्यभर 'बस' एवढंच म्हणत आला. माझं न बसणं कसं असतं, ते कोणी निरखून पाहिलं नव्हतं. ते तू पाहिलं होतंस, इतकं नीट की माझ्या नावाने दुसराच कोणी बसला तर तुला लांबून कळलं. आणि मग तोंड मिटून राहिलीस, मी तुझ्याबद्दल काय वाटेल ते लिहीत असताना. ते मला जमलं नसतं. मी दुसऱ्या दिवशी फोन उचलला असता आणि आपलं दोघांचं वाटोळं केलं असतं. बाईंनाही माझा नमस्कार सांग. ती शेवटची ओळ राहू दिल्याबद्दल. ती नसती तर आज मी ट्रकवर असतो, आणि चोर कोण होता हे सगळ्यांना माझ्या जाण्यावरून कळलं असतं.

टायरवाल्याचं दुकान आता बंद होतंय. मी बसलो तेव्हा तो जेवून येऊन नुकतं उघडत होता.

वर नीट बघ. पहिल्या ओळीपासून शाई एकच आहे, अक्षर कुठे खोक्यावरचं नाही, कुठे भिंतीवरचं नाही. पाणी प्यायलाही उठलो नाही. तुमच्या यंत्रणेला दाखवलंस तर ती लगेच लाल खूण करेल, नेहमीच्या सवयीशी जुळत नाही म्हणून.

कुलूप लावू नकोस. मीच आहे.

तुझा,
भिंगरी